धागा : बायोगॅसवरचे इंजिन पूर्ण लोडवर ठोकते आहे, पण दोष गॅसचा दिसत नाही

पाळीवाला | २४ जून, रात्री ११.४०

नमस्कार. दक्षिण महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत बायोगॅसवर वीज तयार करणाऱ्या संचावर मी पाळी अभियंता आहे. स्पेंटवॉशच्या (मद्यार्क काढल्यावर उरलेल्या द्रावाच्या) डायजेस्टरमधून येणारा गॅस स्क्रबरमध्ये धुऊन, चिलरने थंड करून आणि त्यातले पाणी काढून आम्ही इंजिनाला देतो. इंजिन बारा सिलिंडरचे, व्ही आकाराचे, टर्बोचे आणि लीन बर्न पद्धतीचे आहे, म्हणजे त्यात इंधनाला लागते त्याहून बरीच जास्त हवा मुद्दाम दिली जाते. एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सरने मोजला जातो आणि तो ८ टक्क्यांवर राहील अशा बेताने कंट्रोलर गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो किंवा मिटतो.

पावसाच्या पहिल्या जोरात गॅस कमी पडल्याने इंजिन दोन दिवस बंद होते. ते पुन्हा सुरू केल्यापासून पूर्ण लोडवर ए बाजूच्या दुसऱ्या आणि पाचव्या सिलिंडरवर नॉकची, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून ठोकल्याची, सूचना येते. कंट्रोलर टायमिंग मागे घेतो (ठिणगी उशिरा पाडतो), तेवढ्याने भागले नाही की लोड उतरवतो. ६० टक्के लोडवर मात्र इंजिन अगदी शहाण्यासारखे चालते. त्या दोन्ही सिलिंडरचे प्लग आम्ही बदलले, टायमिंग तपासले, मिश्रणाचे तापमान पाहिले. मे महिन्यात ते ४८ अंश असायचे, आता ४४ आहे. गॅसमध्ये मिथेन ६० ते ६१ टक्के आहे आणि ऑक्सिजन अगदी ८.० दिसतो आहे. ऐन उन्हाळ्यात न ठोकलेले इंजिन पावसाळ्यात का ठोकावे, याचा उलगडा होत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

रसायनी | २५ जून, सकाळी ८.०५

पेट्रोलला जसा ऑक्टेन क्रमांक, तसा वायुरूप इंधनाला मिथेन क्रमांक असतो. शुद्ध मिथेनचा क्रमांक १०० धरतात आणि हायड्रोजनचा शून्य. प्रोपेन, ब्युटेन यांसारखे जड घटक मिसळले की क्रमांक खाली येतो, तर कार्बन डायऑक्साइड मिसळला की वर जातो, कारण तो स्वतः जळत नाही आणि ज्योतीची उष्णता मात्र शोषून घेतो. म्हणूनच तुमच्यासारख्या ६० टक्के मिथेनच्या बायोगॅसचा क्रमांक शंभराच्याही बराच वर असतो. नॉक टाळण्याच्या दृष्टीने इंजिनाला याहून सोशिक इंधन मिळणे कठीण आहे.

तेव्हा गॅसवर संशय घेण्याआधी इंजिनात पाहावे. ज्वलनकक्षात तेलाच्या राखेचा थर साचला असेल, तर त्याचे टोक लाल होते आणि ठिणगीची वाट न पाहता मिश्रण पेटवते. सांडपाण्याच्या गॅसमध्ये शांपू आणि सौंदर्यप्रसाधनांतून आलेले सिलॉक्सेन असतात, त्यांचा पांढरा काचेसारखा थर हेडवर बसतो. स्पेंटवॉशच्या गॅसमध्ये तो प्रश्न सहसा येत नाही, पण राखेचा येतो. बोअरस्कोप (आत डोकावण्याची दुर्बीण) घालून पाहिलेत का?

विहिरीवरचा पंप | २५ जून, सकाळी ९.३०

आमच्याकडे गोबरगॅसवर डिझेलचे पंपसेट चालत असत, तेव्हाचा अनुभव सांगतो. त्यात प्लग नव्हताच. गॅस हवेबरोबर आत जायचा आणि थोड्या डिझेलच्या फवाऱ्याने पेटायचा. सुमारे ८० टक्के डिझेल वाचायचे. त्याहून जास्त गॅस देण्याचा लोभ धरला की इंजिन डोक्यावर हातोडी मारल्यासारखे ठोकायचे. आम्ही गॅसचा कॉक थोडा मिटायचो आणि प्रश्न सुटायचा. तुम्हीही टायमिंग कायमचे दोन अंश मागे घेऊन ठेवा आणि निश्चिंत व्हा, असे मला वाटते.

वायुमान | २५ जून, दुपारी १.१५

कायमचे मागे घेण्याला माझा विरोध आहे. बायोगॅसची ज्योत मुळातच मंद असते, म्हणून त्याचे टायमिंग नैसर्गिक वायूपेक्षा काही अंश आधीचे ठेवतात. ते मागे नेले की ज्वलन उशिरापर्यंत रेंगाळते, एक्झॉस्ट तापतो आणि त्याची किंमत टर्बो आणि व्हॉल्व्ह मोजतात. पंपसेटच्या कॉकचा हिशेब इथे लागू होत नाही.

मला गॅसच्या प्रतीबद्दल वेगळी शंका आहे. एक घनमीटर मिथेन पूर्ण जळायला साधारण ९.५ घनमीटर हवा लागते, म्हणजे ६० टक्के मिथेनच्या गॅसला ५.७ घनमीटर. तुमचा लॅम्डा, म्हणजे दिलेली हवा भागिले लागणारी हवा, १.६ असेल, तर मिक्सर एका भाग गॅसला ९.१ भाग हवा देत असणार. आता मिक्सर तसाच ठेवा आणि डायजेस्टर बिघडून मिथेन ५० टक्क्यांवर आला असे समजा. लॅम्डा १.९ च्या पुढे जाईल आणि इंजिन मिसिंग करू लागेल, म्हणजे मिश्रण पेटेनासे होईल. उलट मिथेन ६५ टक्के झाला, तर लॅम्डा १.४८ पर्यंत उतरेल, नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतील आणि इंजिन नॉकच्या हद्दीत शिरेल. लीन बर्न इंजिन ज्या पट्ट्यात चालवायचे, त्याच्या एका बाजूला नॉक आणि दुसऱ्या बाजूला मिसिंग असते, आणि लोड जितका जास्त तितका हा पट्टा अरुंद. तुमचा मिथेन ॲनालायझर खरे सांगतो आहे ना?

पाळीवाला | २५ जून, संध्याकाळी ७.५०

ॲनालायझर कालच प्रमाणित गॅसच्या सिलिंडरवर जुळवून घेतला, फरक अर्ध्या टक्क्याच्या आत आहे. शिवाय मिथेन वाढला असता, तर ऑक्सिजन कमी झाल्याचे सेन्सरला दिसले असते आणि कंट्रोलरने गॅस आपणहून मिटवला असता. ऑक्सिजन ८.० वर ठाम आहे.

निवृत्त फोरमन | २५ जून, रात्री ९.२०

मी तीस वर्षे गॅस इंजिनांवर काढली. तुमच्या पोस्टमध्ये सगळे आकडे आहेत, नेमका एक नाही. ऑक्सिजन ८.० आहे हे तुम्ही दोनदा सांगितले, पण तो तिथे राखण्यासाठी कंट्रोलरने गॅसचा व्हॉल्व्ह किती उघडला आहे, हे सांगितले नाही. कंट्रोलर ज्या आकड्यावर बसला आहे, तो आकडा कधीच हलणार नाही, कारण तो हलू न देणे हेच त्याचे काम आहे. हलतो तो व्हॉल्व्ह.

तीन गोष्टी लॉगबुकात पाहा. पूर्ण लोडवर व्हॉल्व्ह मे महिन्यात किती टक्के उघडा होता आणि आता किती आहे? एका युनिट विजेला गॅस किती लागत होता आणि आता किती लागतो? प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्टचे तापमान वेगळे दिसते का?

पाळीवाला | २६ जून, पहाटे २.१०

तिसऱ्या पाळीत निवांतपणे जुनी पाने काढली. मे महिन्यात पूर्ण लोडवर व्हॉल्व्ह ४६ टक्के उघडा असे. या आठवड्यात जी काही मिनिटे पूर्ण लोड टिकला, तेव्हा तो ५३ टक्के होता. युनिटमागे ०.४४ घनमीटर गॅस जात होता, आता ०.४८ जातो आहे. आमच्यापैकी कोणीही हे दोन रकाने शेजारी ठेवून पाहिले नव्हते. सिलिंडरनिहाय तापमान दिसत नाही. दोन्ही बाजूंचा एक्झॉस्ट टर्बोकडे जातो, तिथे प्रत्येक बाजूला एकच थर्मोकपल आहे.

निवृत्त फोरमन | २६ जून, सकाळी ६.४५

तुमचा एक सिलिंडर पेटत नाही, आणि तो दुसरा किंवा पाचवा नाही. जे ठोकतात ते पेटत आहेत. जो गप्प आहे, त्याला शोधा. मी असतो तर बी बाजूला पाहिले असते, कारण तिकडचे प्लग तुम्ही उघडलेले नाहीत.

रसायनी | २६ जून, सकाळी १०.३०

फोरमनसाहेबांचा अनुभव मान्य करूनही दोन आक्षेप नोंदवतो. पहिला, मिसिंग हे पातळ मिश्रणाचे लक्षण आहे आणि नॉक हे दाट मिश्रणाचे, मग एकाच इंजिनात, एकाच वेळी दोन्ही कसे? दुसरा, सिलिंडर मेला असेल, तर ६० टक्के लोडवरही तो मेलेलाच असायला हवा. तिथे इंजिन सुरळीत चालते, याचा अर्थ काय लावायचा?

वायुमान | २६ जून, दुपारी ३.००

पहिल्या आक्षेपाचे गणित मी करून पाहिले, आणि मान्य करतो की त्याच्या उत्तराने मी स्वतः चकित झालो.

लॅम्डा १.६ वर बाराही सिलिंडर पेटत असताना कोरड्या एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन साधारण ८ टक्के येतो. त्यातला एक सिलिंडर पेटला नाही, की त्याच्यातून मिथेन आणि हवा जशीच्या तशी बाहेर पडते आणि त्या सिलिंडरचा स्वतःचा ऑक्सिजन १९ टक्क्यांच्या आसपास असतो. सगळे एकत्र मिसळल्यावर सेन्सरला ९ टक्के दिसतात, म्हणजे मिश्रण १.७३ लॅम्डाइतके पातळ झाल्याचा भास होतो. कंट्रोलर बिचारा प्रामाणिकपणे गॅस वाढवतो. सेन्सरवर पुन्हा ८ दिसेपर्यंत पेटणाऱ्या अकरा सिलिंडरांचा लॅम्डा १.४८ झालेला असतो. कालच्या पोस्टमध्ये मिथेन ६५ टक्के झाल्यास जो आकडा मी दिला होता, तोच हा. वर बाराव्याचा भारही या अकरांनाच ओढायचा, म्हणजे प्रत्येकावर ९ टक्के जास्त लोड. एकाच्या मिसिंगमुळे इतरांना नॉक, असा हा मामला आहे. युनिटमागे वाढलेला गॅसही त्याच ९ टक्क्यांशी जुळतो.

एक बारीक मुद्दा राहतो. सेन्सरच्या गरम प्लॅटिनमवर न जळलेले इंधन पूर्ण जळले असते, तर तिथला ऑक्सिजन खर्च होऊन आकडा खरा आला असता. कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत तसे बऱ्यापैकी होते. मिथेन मात्र जळायला फार हट्टी आहे, त्यामुळे सेन्सर फसतो. नेमका हाच हट्टीपणा मिथेनला नॉकपासून वाचवतो, आणि इथे तोच अंगाशी आला.

निवृत्त फोरमन | २६ जून, रात्री ८.३०

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर ठिणगीत आहे. प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला किती व्होल्टेज लागेल, हे फटीवर आणि त्या क्षणी सिलिंडरमध्ये असलेल्या दाबावर अवलंबून असते. लोड वाढला की टर्बोचा दाब वाढतो, आणि ठिणगीच्या वेळचा सिलिंडरमधला दाबही त्याच प्रमाणात वाढतो. वीज नेहमी सोपी वाट धरते. प्लगच्या वरची इन्सुलेशनची नळी, जिला आपण एक्स्टेन्शन म्हणतो, तिच्यावर ओल किंवा काजळी धरली असेल, तर कमी लोडवर ठिणगी अजून फटीतूनच जाते. लोड चढवला की फटीची वाट महाग होते आणि ठिणगी नळीच्या अंगावरून घसरून हेडला जाऊन मिळते. तेव्हा लोड कमी केल्यावर इंजिन शहाणे होते, ते नॉक थांबल्यामुळे नव्हे. मेलेला सिलिंडर जिवंत होतो, म्हणून नॉक थांबते. तुम्ही सगळ्यांनी, पहिल्या दिवशी मीसुद्धा, ही गोष्ट उलटी वाचली.

दोन दिवस बंद, ऐन पावसाळा, प्लगच्या खोल विहिरीत गार हवा. आणखी काय पाहिजे?

शोधण्याची जुनी रीत म्हणजे चालू इंजिनावर एकेका सिलिंडरचे इग्निशन तोडायचे आणि कोणाचे तोडल्यावर लोड हलत नाही ते पाहायचे. कृपया ती वापरू नये. न जळलेला गॅस एक्झॉस्टमध्ये साचतो आणि गरम पाइपात एकदम पेटतो. त्याऐवजी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, प्रत्येक सिलिंडरकडून येणाऱ्या फांद्यांवरचे लॅगिंग (उष्णतारोधक वेष्टन) हेडजवळ हातभर उघडून इन्फ्रारेड पायरोमीटरने बाराही ठिकाणचे तापमान मोजावे. हे काम पूर्ण लोडवरच करायचे, नाहीतर सगळे सिलिंडर निर्दोष दिसतील.

कोळशाचा वास | २६ जून, रात्री १०.१५

थोडे अवांतर. ओटोचे १८७६ सालचे चार स्ट्रोकचे इंजिन दगडी कोळशाच्या गॅसवरच चालत होते. पुढच्या काळातल्या पुष्कळ गॅस इंजिनांत वेग राखण्यासाठी गव्हर्नर मुद्दाम काही स्ट्रोक रिकामे सोडत असे, म्हणजे आजच्या भाषेत ठरवून केलेले मिसिंग. पण तिथे रिकाम्या स्ट्रोकला गॅसचा व्हॉल्व्हच उघडत नसे, त्यामुळे एक्झॉस्टमध्ये कच्चा गॅस जात नसे. आजच्या टर्बो इंजिनात गॅस आणि हवा टर्बोच्या आधीच मिसळतात, म्हणून न पेटलेल्या सिलिंडरलाही त्याचा वाटा मिळतोच आणि तो थेट धुराड्यात जातो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटींहून अधिक उष्णता अडवतो, हे लक्षात घेतले, तर तुमच्या त्या चार शतांश घनमीटरचे वजन गॅसच्या बिलापेक्षा बरेच जास्त भरेल.

पाळीवाला | २८ जून, दुपारी ४.२०

काल परवानगी मिळाली आणि आज मोजले. पूर्ण लोडवर अकरा फांद्यांचे तापमान साडेतीनशे ते चारशे अंशांच्या दरम्यान आले. बी बाजूच्या तिसऱ्या सिलिंडरवर पायरोमीटर धरला, तर १७० दाखवत होता. मी तीन वेळा मोजले, मग हेल्परच्या हातात देऊन चौथ्यांदा मोजायला लावले.

इंजिन बंद करून, थंड झाल्यावर त्या सिलिंडरचे एक्स्टेन्शन काढले. वरवर पाहता नळी पांढरीशुभ्र होती. पुसून खिडकीच्या उजेडात फिरवली, तेव्हा टोकापासून साधारण चार बोटे वर चढत गेलेली, केसाएवढी बारीक, फाटे फुटलेली काळी रेघ दिसली. नखाने खरवडली तरी निघत नव्हती, कारण ठिणगीने नळीचा पृष्ठभागच जाळून तिथे कार्बनची वाट तयार केली होती. विहिरीच्या तळाशी गंजाचा पातळ थर होता. प्लगची फट मात्र ०.३५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ नव्यासारखीच. प्लग पाहून कोणी दोष सांगितला नसता.

एक गोष्ट अजून विचारायची राहिली. टर्बोजवळच्या थर्मोकपलवर बी बाजूचे तापमान खाली यायला हवे होते, पण दोन्ही बाजू जवळपास सारख्याच दिसत होत्या. असे का?

वायुमान | २८ जून, संध्याकाळी ६.००

नॉकमुळे कंट्रोलरने टायमिंग मागे घेतले होते, शिवाय मिश्रणही दाट झालेले. या दोन्हींनी पेटणाऱ्या सिलिंडरांचा एक्झॉस्ट तापतो. तुमचा कंट्रोलर टायमिंग सगळ्या सिलिंडरांचे एकत्र मागे घेत असेल, तर बी बाजूचे पाच गरम आणि एक गार मिळून सरासरी झाकली गेली. ए बाजू थोडी वर गेली असणार, पण ते उन्हाळा-पावसाळ्याच्या फरकात खपून गेले.

ऱ्हाइनकाठ | २८ जून, रात्री ११.५५

मी जर्मनीत गॅस इंजिनांच्या नियंत्रणाचे काम करतो. इकडे बऱ्याच मोठ्या इंजिनांत ऑक्सिजन सेन्सरवर विसंबत नाहीत, कारण गंधक आणि राखेने तो हळूहळू खोटे बोलू लागतो. त्याऐवजी टर्बोनंतरचा दाब, मिश्रणाचे तापमान आणि जनरेटरची शक्ती यांवरून लॅम्डा ठरवतात. येनबाखरची लीनॉक्स पद्धत या तत्त्वावरची सर्वांत प्रसिद्ध. मिश्रण जितके पातळ, तितका तेवढ्याच शक्तीसाठी जास्त दाब लागतो, असा त्यामागचा साधा विचार आहे.

तथापि या धाग्यातला बिघाड त्या पद्धतीलाही फसवतो, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. एक सिलिंडर गेला की तेवढ्याच शक्तीसाठी दाब जास्त लागतो, कंट्रोलरला वाटते मिश्रण पातळ झाले, आणि तो गॅस वाढवतो. वाट वेगळी, पण खड्डा तोच. म्हणून सिलिंडरनिहाय तापमान हवेच, आणि मोठ्या इंजिनांत तर प्रत्येक सिलिंडरचा दाबच मोजतात. नॉक सेन्सरला तुमच्या बाबतीत दोष देता येणार नाही. १४० मिलिमीटरच्या आसपास बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) असेल, तर नॉकची कंपने सुमारे ४,००० हर्ट्झची असतात. सेन्सर तेवढेच ऐकायला बसवलेला असतो, आणि त्याने जे ऐकले ते खरेच होते.

डेपोतला | २९ जून, सकाळी ७.४०

आमच्या सीएनजी बसमध्ये हा घोळ वेगळ्या प्रकारे होतो. बीएस ६ च्या बसेसना थ्री वे कॅटॅलिस्ट (एक्झॉस्टमधील प्रदूषके कमी करणारा भाग) असल्याने लॅम्डा १ च्या आसपासच ठेवावा लागतो. तिथे एक सिलिंडर मिसिंग करू लागला की कच्चा गॅस आणि हवा कॅटॅलिस्टमध्ये जाऊन पेटते आणि कॅटॅलिस्ट वितळतो. आमचे मेकॅनिक मिसिंगला नॉकपेक्षा जास्त घाबरतात ते याचसाठी.

पाळीवाला | ४ जुलै, रात्री ९.१०

बाराही एक्स्टेन्शन बदलली आणि विहिरी हवेने साफ करून कोरड्या केल्या. आज सहावा दिवस. पूर्ण लोडवर ऑक्सिजन ८.० (तो तर आधीही होताच), व्हॉल्व्ह ४६ ते ४७ टक्के आणि युनिटमागे गॅस ०.४४. दुसऱ्या सिलिंडरचे नॉक पूर्ण थांबले. पाचव्यावर परवा दुपारी ऊन पडले असताना एकदा सूचना आली. रसायनी यांच्या सल्ल्याप्रमाणे बोअरस्कोप घातला, तर दुसऱ्या आणि पाचव्या सिलिंडरच्या पिस्टनवर करड्या राखेचा थर निघाला, पाचव्यात जास्त. मिश्रण दाट झाल्यावर अकरांपैकी हेच दोन आधी का ठोकले, ते यावरून कळले. हेडचे काम ऑगस्टमध्ये घेणार आहोत. एक्झॉस्टच्या पाइपावरची रप्चर डिस्क (दाब अचानक वाढल्यास फुटणारी चकती) शाबूत आहे, फोरमनसाहेबांचे वाचून ती आधी पाहिली.

बारा थर्मोकपलांचा प्रस्ताव पाठवला होता. बिघाड एकाच सिलिंडरमध्ये होता, मग बारा कशाला, असा शेरा मारून तो परत आला आहे.

निवृत्त फोरमन | ४ जुलै, रात्री ९.३५

पुढचा कोणता हे त्यांनी आधी लेखी कळवले, तर एक पुरेल. तोवर फांद्यांवरचे लॅगिंग पुन्हा बांधताना हेडजवळ झाकणासारखे उघडता येईल असे बांधून घ्या, आणि दर पाळीत लोड पूर्ण असताना एकदा पायरोमीटर फिरवून बारा आकडे लिहीत जा. व्हॉल्व्हचा रकाना ऑक्सिजनच्या शेजारी आणायला विसरू नका.